कॅसेटमध्ये नसलेला माणूस

राहेलम्माकडे नव्या माणसाचं पहिल्यांदा लक्ष जायचं ते छत्रीमुळे. रविवारची प्रार्थना आटोपून माणसं चर्चच्या फाटकातून बाहेर पडत होती. आभाळ स्वच्छ, डिसेंबरचं कोवळं ऊन. एवढ्यात तिचा धाकटा दीर अवराच्चन पायऱ्या उतरताना दिसला. राहेलम्माने शांतपणे काळी छत्री उघडली, त्याच्या बाजूला, स्वतःच्या चेहऱ्याआड कलती धरली आणि तो रस्त्याला लागेपर्यंत तशीच उभी राहिली. मग मिटली. गावात नव्याने आलेल्याला वाटे, बाईंना उन्हाचा त्रास असावा. जुन्यांना ठाऊक होतं, ऊन कुठूनही येवो, छत्री अवराच्चनकडेच कलते.

दोघांची घरं रबराच्या एकाच मळ्याच्या दोन टोकांना. मध्ये एक पायवाट. राहेलम्माचा नवरा कुरुविला शहाण्णव साली गेला, तेव्हापासून ती दिराशी बोललेली नव्हती. कारण साऱ्या गावाला माहीत होतं. त्याच वर्षी अवराच्चनने बांधावरचं आंजिलीचं झाड न विचारता तोडलं होतं. हे कारण चुकीचं होतं, पण पटण्यासारखं होतं, म्हणून राहेलम्माने ते कधी खोडून काढलं नाही.

खरं कारण माडीवरच्या लोखंडी कपाटात होतं.

कोट्टयमच्या या भागात लग्नाला एक वेळ कॅमेरा नसेल, मयताला असतोच. मुलगा मस्कतला, बहीण डॅलसला; त्यांना आपलं माणूस कसं गेलं ते दिसायला हवं, आणि कोण कोण आलं होतं तेही. त्यामुळे शवपेटीभोवती सगळे ओळीने उभे राहतात, उंच माणसं मागे, आणि कॅमेरेवाला सांगेल तिकडे बघतात. मग चर्चमध्ये एकेक जण पुढे येऊन मृताच्या कपाळाला ओठ लावतो. त्यानंतर चेहऱ्यावर पांढरं वस्त्र पडतं. कुरुविलाची कॅसेट, भाग एक आणि भाग दोन, मस्कतला जाऊन आली, डॅलसला जाऊन आली आणि एका कोपऱ्याचा टवका उडवून घेऊन घरी परतली.

राहेलम्माला स्वतःला त्या दिवसातलं काहीही आठवत नव्हतं. सकाळी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं. पदर कपाळावर ओढून ती पेटीच्या उशाशी बसली होती, एवढं लोक सांगत. एकुलती मुलगी बिन्सी तेव्हा दिल्लीला नर्सिंगच्या परीक्षेत अडकली होती. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मायलेकींनी कुरुविलाचा शेवटचा दिवस पाहिला तो टीव्हीवर.

कॅसेटमध्ये सगळे होते. कुरुविलाच्या बँकेतले झाडून सारे, दूधवाला, मागच्या गल्लीतला शिंपी, आणि कोणाचा कोण ते आजवर न कळलेला एक टकला गृहस्थ, जो सगळ्यांहून जास्त रडत होता. अवराच्चन नव्हता. घरात नव्हता, मिरवणुकीत नव्हता, कपाळाला ओठ लावणाऱ्यांच्या रांगेत नव्हता. सख्खा भाऊ. राहेलम्मा दर वर्षी पुण्यतिथीला कॅसेट लावून पुन्हा बघायची, की निदान एखाद्या कोपऱ्यात तरी. पुढे मशीनच बिघडलं, तेव्हा तिने बघणं थांबवलं. मत तेच ठेवलं. कुणाला बोलून दाखवलं नाही. असली तक्रार करणं म्हणजे गेलेल्या माणसाची शोभा करणं, असं तिला वाटे.

गेल्या फेब्रुवारीत बिन्सी आयर्लंडहून तीन आठवड्यांच्या रजेवर आली, आणि माडीवरची खोली रिकामी करायचं ठरलं. गावात जर्मन शिकवणारी संस्था निघाली होती. तिथे शिकणाऱ्या दोन नर्स मुलींना राहायला जागा हवी होती, आणि राहेलम्माला रात्री घरात माणसांचा आवाज हवा होता. अडचण एवढीच होती, की खोलीत कुरुविला भरलेला होता. तीन भिंतींना पुस्तकं, चौथीला कॅसेटचं कपाट.

बिन्सीला वाटत होतं, आई एकेका पुस्तकाशी अडेल. अडली ती बिन्सीच.

"अम्मे, हे रशियाहून आलेलं. कागद बघ कसला. अप्पाचं किती आवडतं होतं!"

"त्यांचं होतं. मी नुसतं झटकत होते. टाक पोत्यात."

"आणि हे घरगुती औषधांचं?"

"तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसून औषधं दिली मी. त्यातली अर्धी औषधं घेऊन लोक माझ्याकडे आलेत. टाक."

विश्वकोशाच्या बारा खंडांसाठी वाचनालयाचे चिटणीस शशिधरन यांना बोलावलं. ते आले, चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

"राहेलम्मा, हा सोडून काहीही द्या."

"नवाकोरा आहे, शशिधरन."

"सगळ्यांचाच नवाकोरा आहे. छापायच्या आधीच हप्ते भरून साऱ्या गावाने घेतला होता ना! आमच्याकडे चार संच आहेत. पाचवा आला तर मला व्हरांड्यात बसावं लागेल."

"वाचतं का कुणी?"

शशिधरन यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "'अ'चा खंड थोडा मळलाय," ते म्हणाले.

शेवटी विश्वकोश त्या दोन नर्स मुलींच्या खाटांखाली विटांसारखा रचायचं ठरलं. खाटा बुटक्या होत्या, खाली बॅगा मावत नव्हत्या, आणि खंड एकसारख्या जाडीचे होते.

मग कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. कॅसेटच्या काचेतून आत पांढरी बुरशी दिसत होती, पिठीसाखर भुरभुरल्यासारखी. बारशी, लग्नं, घर बांधल्यावरची प्रार्थना, टीव्हीवरून उतरवून घेतलेले आणि शेवट कापले गेलेले सिनेमे. राहेलम्मा नावं वाचायची आणि पोत्यात सोडायची. बिन्सीचं स्वतःचं लग्नही गेलं.

"अगं, माझं लग्न!"

"नवरा आहे ना अजून? मग?"

भाग एक आणि भाग दोन मात्र तिने मांडीवर ठेवले.

"ती तरी का ठेवायची, अम्मे? मशीन कुठेय? टोमिच्चनकडे देऊ, पेन ड्राइव्हवर घालून देईल. मी अप्पाला डब्लिनला घेऊन जाते, आणि ही पोत्यात."

टोमिच्चन म्हणजे ही कॅसेट ज्याने काढली तोच. त्याचा स्टुडिओ अजून चालू होता. आता तो मयतं थेट इंटरनेटवर दाखवायचा. राहेलम्माने दोन्ही कॅसेट पदराखाली घेतल्या. एवढा एकच पुरावा तिच्याकडे होता, आणि तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा होता.

"मी बरोबर येणार," ती म्हणाली.

टोमिच्चनने कॅसेट उघडून बुरशी पुसली, जुनं मशीन कापड काढून जोडलं आणि दोघींना स्टुलं दिली.

"अम्मच्ची, किती वर्षांनी बघताय! काय मयत झालं होतं ते! चर्चच्या बाहेरपर्यंत माणसं."

"यातला एकही माणूस पुसला जाता कामा नये, टोमिच्चा."

"नाही जायचा."

"आणि जो नाही, तोही तसाच राहू दे."

टोमिच्चनला हे कळलं नाही, पण गिऱ्हाईक वयस्क होतं. त्याने बटण दाबलं.

पडद्यावर कुरुविला झोपला होता. बिन्सीने रुमाल काढला. राहेलम्मा रांगेकडे बघत होती आणि हलक्या आवाजात हजेरी घेत होती. दूधवाला. शिंपी. टकला. रांग संपली. पाद्री वस्त्र हातात घेऊन पुढे झाले, आणि तेवढ्यात चित्र काळं पडलं. आवाज चालू, प्रार्थना चालू, चित्र मात्र नाही. घरी बघताना राहेलम्मा इथे नेहमी पुढे सरकवायची.

"इथे टेप खराब आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"खराब?" टोमिच्चन दुखावला. "अम्मच्ची, माझी टेप खराब नसते. तो दिवा खाली ठेवला ना अवराच्चनने."

"कुठला दिवा?"

"माझा. तो दिवे धरणारा पोरगा ऐनवेळी एका लग्नाला पळाला, जास्त जेवण मिळतं म्हणून. चर्चमध्ये तर एवढा काळोख. मी म्हटलं, आता कसं काढू? तर अवराच्चन म्हणाला, दे इकडे, माझा मस्कतचा मुलगा बघणार आहे, अंधार नको. सकाळपासून तोच धरून होता. घरी, वाटेत, चर्चमध्ये. तळहात भाजला त्याचा, पण हलला नाही. सगळ्यांचं झाल्यावर मला म्हणाला, आता थांब जरा. दिवा खाली ठेवला आणि भावाजवळ गेला."

पडद्यावर पुन्हा उजेड आला. चेहऱ्यावर वस्त्र पडलेलं होतं, आणि उजेड थोडा हलत होता.

बिन्सी आईकडे बघत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तीही इतकी वर्षं झाडाचंच समजत होती.

"मागे घे," राहेलम्मा म्हणाली.

टोमिच्चनने मागे घेतलं. तिघांनी तो काळा पडदा पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदाही पाहिला. मग टोमिच्चनने विचारलं, "हा काळा भाग कापून टाकू का? हल्ली कापता येतो."

"हात लावशील तर याद राख," राहेलम्मा म्हणाली.

घरी येऊन ती जेवली, भांडी घासली, आणि दुपारी पायवाटेने खालच्या घरी गेली. अवराच्चन अंगणात दोरीवर रबराच्या चादरी वाळत घालत होता. तिला बघून त्याने हातातली चादर आधी नीट पसरली. मग बाजूला उभा राहिला, पोलीस आल्यावर माणूस उभा राहतो तसा.

"तळहात दाखव," राहेलम्मा म्हणाली.

"काय?"

"उजवा होता की डावा?"

त्याने दोन्ही पुढे केले. दोन्ही रबराच्या चिकाने काळे झालेले होते; काही कळण्यासारखं नव्हतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं, चेडत्ती?" इतक्या वर्षांनीही वहिनीसाठी त्याच्या तोंडी तीच हाक होती.

"की दिवा तू धरलास."

"सगळं चर्च बघत होतं. तुम्ही तर समोरच बसला होतात."

"मी बसले होते. बघत नव्हते. मी कॅसेट बघितली. कॅसेटमध्ये तू नाहीस."

अवराच्चनने यावर विचार केला. "दिवा धरणारा त्यात कसा येणार?" तो म्हणाला. मग एकदम त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "म्हणजे तुम्ही झाडामुळे रागावला नव्हतात?"

"एका झाडासाठी?"

"आंजिली! मी त्या झाडापायी बांधावर दोन फणस लावले, चेडत्ती. दोन सागवान लावले. दर पावसाळ्यात तुमच्या बाजूचं गवत मी काढतोय!"

"मला वाटलं, ते कामवाल्याचं काम."

"कामवाला! शहाण्णवपासून!"

"ओरडू नकोस. ते झाड तसंही वाळवीने खाल्लेलं होतं."

तो पायरीवर बसला. थोड्या अंतरावर तीही बसली. मग तिने पुढे बघतच विचारलं, "तेव्हा त्यांना काही म्हणालास?"

"म्हणालो."

"काय?"

"ते तुम्हाला नाही सांगणार," अवराच्चन म्हणाला. "भावाभावातलं आहे."

राहेलम्माने मान हलवली. हे तिला योग्य वाटलं. घरात चहा आहे का, असं तिने विचारलं; त्याने आहे म्हटलं, पण साखर संपली होती, म्हणून दोघांनी गूळ घालून प्याला.

दुसऱ्या दिवशी टोमिच्चनने पेन ड्राइव्ह दिला आणि कॅसेटचं काय करायचं म्हणून विचारलं. राहेलम्मा म्हणाली, फेकून दे. बिन्सी अप्पाला घेऊन डब्लिनला गेली. जर्मन शिकणाऱ्या मुली राहायला आल्या; संध्याकाळी माडीवरून कुणालाही न कळणारी क्रियापदं ऐकू येतात.

राहेलम्मा आता एकोणऐंशी वर्षांची आहे. येत्या नोव्हेंबरात तिच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आणि दवाखान्यात सोबतीला अवराच्चन राहणार आहे.