शेवंताबाईंच्या मशीनचा आवाज

“हे ठेवून घ्या जी तुमच्यापाशी. याच्यातून आता काई आयकू येत नाई.”

शेवंताबाईंनी कानातलं मशीन काढून माझ्या टेबलावर ठेवलं. वडनेरहून मुलासोबत एसटीने आल्या होत्या. मी ऑडिओलॉजिस्ट, लोकांची ऐकण्याची क्षमता तपासून श्रवणयंत्र बसवून देणं हे माझं काम. निवृत्त झालो, तरी जुन्या पेशंटसाठी सकाळी थोडा वेळ वर्ध्याच्या सेंटरवर बसतो.

मशीन तपासलं. स्टेथोक्लिप नावाची नळी लावली की यंत्रातला आवाज आम्हाला स्वतःच्या कानांनी ऐकता येतो. स्वच्छ होता. तरी सेल नवा घातला. मग बाईंना बूथमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज न येणाऱ्या खोलीत, बसवून ऑडिओग्राम काढला. हा ऐकण्याचा आलेख. जुन्याशी ताडून पाहिला. रेघ जिथल्या तिथे होती.

खरं तर इथे काम संपतं. मशीन ओके, कान होता तसाच.

पण हेच मशीन त्यांनी पूर्वी एकदा परत आणलं होतं, तेही नेमकी उलट तक्रार घेऊन. आवाज फार होतो, डोकं दुखतं. मी गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, कमी केलं. मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, बदलून दिला. तक्रार तीच. शेवटी बाहेरच्या बाकावर बसलेले त्यांचे यजमान, नामदेवराव, कंटाळून आत आले.

“काऊन वंऽ, झालं काय?”

खिडकीची काच थरथरली असावी. शेवंताबाईंनी कान दाबून धरला.

“पाहा जी. हा बुढा दिवसभर असाच माह्यावर खेकसून राह्यते.”

“नामदेवराव, हळू बोला,” मी म्हणालो.

“हळू बोललो त इले आयकू कसं येईन? जिंदगी गेली माही बोंबलता बोंबलता!”

तेव्हा उलगडा झाला. यंत्र बाईंना मिळालं होतं, पण नामदेवरावांचा गळा अजून जुन्याच शेवंतेशी बोलत होता. मी त्यांना तिच्या समोर बसवलं आणि हळू बोलून पाहायला सांगितलं. दोनदा तोंड उघडलं, आवाजच निघेना. मग कसाबसा निघाला. “शेवंते, चाय पितं काय?”

“हो. आता कसं मानसावानी बोलले.”

त्या दिवसापासून मशीन कानात राहिलं.

“नामदेवराव नाही आले आज?” मी विचारलं.

मुलाने आईकडे पाहिलं. “बाबा गेले जी. पोळ्याच्या आधीच.”

“तवापासूनच बिघडलं हे,” त्याच्या ओठांकडे पाहत शेवंताबाई म्हणाल्या.

तिशीत असतो तर मी त्यांना आलेख दाखवला असता. पण मागच्या वर्षी माझी पत्नी गेली. बोरगाव मेघेच्या आमच्या घरात पंख्याचा आवाजही लांबून येतोय असं वाटू लागलं. तेव्हा एका सकाळी मी याच बूथमध्ये बसून स्वतःची टेस्ट करून घेतली होती. वयाच्या मानाने नॉर्मल निघाली.

मी मशीन पुसून पुन्हा त्यांच्या कानात बसवलं. आवाज वाढवला नाही.

“कशी हाक मारायचे हो ते तुम्हाला?”

त्यांनी पदर सावरला. दाराकडे एकदा पाहिलं.

“शेवंतेऽऽ! भाकर टाक वंऽऽ!”

बाकावरचे पेशंट आत डोकावले.

“एवढ्या जोरानं?”

“याच्याहून जोरानं जी! चार घरच्या लोकायले आयकू जाये. फक्त मलेच नाई.” आणि त्या हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

“राहू द्या मंग कानात,” उठताना म्हणाल्या. “पाहू.”

फाइलमध्ये मी लिहिलं : मशीन ओके, सेटिंग तेच. तपासणीत काही निघालं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे समजायला मला नोकरीची सगळी वर्षं पुरली नव्हती.

यंत्राचे सेल आता वडनेरच्या मेडिकलमध्येही मिळतात. शेवंताबाई मात्र ते घ्यायला वर्ध्यालाच येतात. का, ते मी विचारत नाही. दोन चहा सांगतो.