सरांची सही

नागपूरला एमएस्सीला मला शिकवणारे सर एका बाबतीत भयंकर हट्टी होते. विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या पेपरवर स्वतःचं नाव घालू द्यायचे नाहीत. "ज्या कामाला माझा हात लागला नाही, त्यावर माझी सही नाही," एवढंच म्हणायचे आणि लाल पेन खिशाला लावून चालू लागायचे. बाकीचे प्राध्यापक दुसऱ्यांच्या कामावर नावं लावून मोठे झाले. सर होते तिथेच निवृत्त झाले. मला याचा फार राग यायचा.

म्हणून २००३ साली शिकागोच्या लॅबमध्ये माझा पहिला मोठा पेपर तयार झाला, तेव्हा लेखकांच्या यादीत मी सरांचं नाव घातलं. बॉसला ठोकून दिलं, मूळ कल्पना त्यांचीच. जर्नलच्या फॉर्मवर प्रत्येक लेखकाची सही हवी होती. सरांना विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. मग शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्यांची सही मीच केली. दोन वर्षं प्रॅक्टिकलच्या वहीत पाहिलेली ती झोकदार सही माझ्या हातून मात्र गोलमटोल, घाबरट उतरली. गुरुदक्षिणा देतेय असं वाटत होतं मला. मूर्ख कुठली!

छापील प्रत पोचली तेव्हा सर फोनवर म्हणाले, "यात माझं काय काम?"

"सर, तुम्ही शिकवलंत."

त्यांनी फोन काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, हातात दिला. काकूंनी मात्र नंतर हळूच सांगितलं, की पेपर हॉलमधल्या टीपॉयवर असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला जातो. मी आठवडाभर खुशीत होते.

पुढच्या हिवाळ्यात कळलं, की आमच्या फ्रीझरमधल्या नळ्यांवर चुकीची लेबलं लागली होती. ज्या पेशींवर काम केलं असं आम्ही छापलं होतं, त्या पेशी त्या नळ्यांत नव्हत्याच. लबाडी कुणी केली नव्हती, पण पेपर मागे घेणं भाग होतं. जर्नलने नवा फॉर्म पाठवला. सगळ्या लेखकांनी पुन्हा सह्या करायच्या, आणि त्या जुन्या सह्यांशी ताडून पाहिल्या जाणार. सोबत जुन्या फॉर्मची प्रत होती.

ती प्रत घेऊन ट्रेनमध्ये बसले आणि माझं स्टेशन कधी गेलं ते कळलंच नाही. खरं सांगावं तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर व्हिसा. घरी येऊन अंगातला कोटही न काढता मी नागपूरला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"जुन्या कागदावर माझी सही कुणी केली?" सरांनी विचारलं.

"मी, सर."

मी जुना फॉर्म टेबलावर सपाट केला.

"सर, मी बॉसला खरं सांगून टाकते."

"मग ठेवतील तुला तिथे?"

"नाही."

"दोन्ही कागद पाठव."

नको म्हणायला हवं होतं. सर, माझी चूक मी निस्तरते, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण दुसऱ्या दिवशी निमूटपणे कुरिअर केलं.

दोन आठवड्यांनी पाकीट आलं. चिठ्ठी नव्हती, फक्त दोन्ही फॉर्म होते. बर्फात, मेलबॉक्सपाशीच उभं राहून मी नवा उघडला. सही सरांची नव्हती. माझी होती. गोलमटोल, घाबरट, शेवटी माझं पेन अडखळलं होतं तो आकडासुद्धा तस्साच. कागदावरून बोट फिरवलं तर दाबाच्या खुणा लागत होत्या. वर दुसरा कागद ठेवून सरांनी ती सही कितीतरी वेळा गिरवली होती.

बॉसने दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर करून पाहिलं. "परफेक्ट मॅच," तो म्हणाला आणि कागद फाइलला लावले.

मी थँक यू म्हटलं.