नानांच्या खुंटीवरची किल्ली

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या गावच्या किल्लीवाल्या नानांचा. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायचं. धडधाकट माणसं कोयते घेऊन ट्रकमध्ये चढायची. मागे उरायची म्हातारी माणसं आणि बंद घरांची कुलपं. त्या कुलपांच्या किल्ल्या नानांच्या घरात, भिंतीतल्या खुंट्यांना टांगलेल्या असत. ऐन तरुणपणी कोयता लागून नानांचा गुडघा कामातून गेला होता, म्हणून ते गावातच राहत. बायको वारलेली, मूलबाळ नाही.

ज्याने त्याने आपल्या घरातल्या जुन्या लुगड्याची नाहीतर सदऱ्याची चिंधी किल्लीला बांधून द्यायची. चिंधीवरून नाना घर ओळखत. किल्ली घेताना त्यांचा एकच प्रश्न असे, "चूल इझवली का?"

"चुलीत घालायला काय हुतं, नाना, म्हून पेटवू?" कुणी थट्टा करी. तरी सरळ उत्तर मिळाल्याशिवाय नाना खुंटीकडे वळत नसत.

नव्वदनंतरच्या दोन हंगामांत आसपासच्या वस्त्यांवर एकट्या राहणाऱ्या तीन म्हाताऱ्यांचे खून झाले. तिसरी आमच्याच गावची सोनाई. एकाही ठिकाणी दार फोडलेलं नव्हतं. "दार फोडलेलं न्हाई," हे वाक्य घरोघर फिरलं आणि शेवटी नानांच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. खरं तर सोनाई आपल्या घरातच राहत होती, तिची किल्ली नानांकडे नव्हतीच. पण भ्यालेलं गाव इतका विचार करत नाही. पोलिसांनी नानांना चौकशीला नेलं, काही निघालं नाही, सोडून दिलं. तोडीवरून परतलेल्या माणसांनी किल्ल्या नेल्या, त्या पुन्हा दिल्याच नाहीत. लेकरं हट्टाला पेटली की बाया म्हणू लागल्या, "गप बस, न्हाईतर नाना येईल."

त्या दिवाळीत मी दहावीला होतो. माझ्याजवळ गावात राहील असं घरी कुणी नव्हतं. वडील, आमचे बापू, म्हणाले, "पोराला संगं घेऊ. दहावी काय, पुढल्या साली करील." पुढल्या सालावर टाकलेली दहावी आमच्या आळीत कुणीच पुरी केलेली नव्हती. आईला ते ठाऊक होतं. तिने नानांचं नाव काढलं तशी चुलती उसळली, "खुन्याच्या वसरीला पोरगं बांधतीस व्हय गं? याड लागलं का?"

ट्रक यायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून आई नानांच्या दारात गेली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ विचारलं, "नाना, तुमी केलं का?"

नाना खाली बघत बसले होते. त्यांनी मान वर केली. "न्हाई, पोरी." मग म्हणाले, "समदे मला 'का केलं' इचारत्यात. 'केलं का' आसं आजवर कुनी इचारलंच न्हाई."

आईने कनवटीची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. ती उघड्या हातावर तशीच धरून त्यांनी विचारलं, "चूल इझवली का?"

"उद्या सकाळी इझवून जाते," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

नानांनी मला आतली खोली दिली, स्वतः ओसरीवर पथारी टाकली. पहिल्याच दिवशी बजावलं, "अंधार पडला की आतनं कडी लाव. कुनी बी हाक मारू दे, उघडू नगं. म्या मारली तरी न्हाई. त्या बायांनी वळखीच्या आवाजालाच दार उघडलं आसंल." ज्याची गावाला भीती, तोच मला स्वतःपासूनही जपायला शिकवत होता.

एकदा पौषातल्या थंडीत, दिवेलागणीनंतर बाहेरून आवाज आला, "पोरा, पानी दे रं. घसा सुकला." मी कडी काढली. समोर नाना उभे होते, हातात पाण्याने भरलेला तांब्या.

"उघडलंस?" त्यांनी तांब्या उंबऱ्यावर आदळला. "आज म्या हुतो म्हून. पुन्यांदा उघडलंस तर साळंत न्हाई, उसात धाडीन!"

त्यानंतर अंधारात मी ती कडी काढली नाही. ओसरीवरून त्यांचा खोकला ऐकू येई, आणि जोवर तो ऐकू येई तोवर मी वाचू शके. मी दहावी पास झालो.

पुढे खून थांबले, पण खुनी सापडला नाही. तपासाला आलेले साहेब बदलून गेले, नवे आले, तेही गेले. नानांवर कधी खटला झाला नाही, त्यामुळे ते निर्दोष सुटलेही नाहीत. भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या राहिल्या. आमच्या लुगड्याची चिंधी तेवढी दरसाल तिथे लटकत असे.

पदवी मिळून श्रीरामपूरला नोकरी लागली, तेव्हा मी त्यांना हे पत्र पाठवलं.

"ती. नानांस सा. नमस्कार.

इथे भाड्याने खोली घेतली आहे. सणाला मी गावी यायला निघालो की शेजारी म्हणतात, किल्ली आमच्याकडे ठेवा. माणसं चांगली आहेत, पण मला ते जमत नाही. म्हणून दुसरी किल्ली या पाकिटातून पाठवतो. आईच्या लुगड्याची चिंधी बांधली आहे, खुंटीला अडकवावी.

कधी इकडे आलात तर बाहेरून हाक मारू नका. तुमची हाक आली तरी मी दार उघडणार नाही. किल्ली तुमच्याजवळ आहे, तुम्ही उघडून आत या.

निघताना स्टोव्ह विझवतो."