चुरी सरांची विद्यार्थिनी

तेजल मूळची खाडीकाठच्या दातिवऱ्याची. लग्न होऊन बोईसरला आली, तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवू लागली, नवरा प्रदीप तारापूरच्या कारखान्यात शिफ्टला जाऊ लागला, मुलगी दिशा शाळेत जाऊ लागली. सगळं रीतसर चाललं होतं. पण तिचा जीव अडकला होता तो खाडीच्या चिखलात. तिला निवट्यांवर पीएच.डी. करायची होती. ओहोटी लागली की बिळातून बाहेर पडून चिखलावर टणाटण उड्या मारत हिंडणारा, डोक्यावर डोळे असलेला हा इवलासा मासा. त्याच्यावर!

हे खूळ तिच्या डोक्यात घातलं चुरी सरांनी. पालघरच्या कॉलेजात ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना सर सगळ्या वर्गाला खाडीवर घेऊन गेले होते. बाकीच्या मुली चपला काढाव्यात की नको या विचारात काठावरच थबकल्या आणि तेजल घरच्या अंगणात उतरावी तशी चिखलात उतरली. एका बिळाशी वाकून तिने विचारलं, "सर, भरतीचं पाणी वर आलं की ह्या निवट्या आत श्वास कशावर घेतात?"

सर हसले. "पुस्तकात उत्तर आहे, पण ते परदेशातल्या खाड्यांचं. आपल्या खाडीचं कोणी पाहिलेलंच नाही. तू पाहा. माझ्याकडे ये, मी गाईड होतो तुझा."

असं ते आणखीही पुष्कळांना म्हणाले असतील. तेजलने मात्र ते मनाशी घट्ट धरून ठेवलं. एम.एस्सी. झाली, लग्न झालं, दिशा झाली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. दर जूनमध्ये ती स्वतःला म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की. असं करता करता चाळिशी दाराशी आली. सासूबाई गेल्या, त्यानंतर ती जिद्दीने अभ्यासाला बसली आणि पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास झाली.

निकाल लागल्यावर ती थेट पालघरला गेली. सर स्टाफरूममध्ये एकटेच बसले होते. केस पार पांढरे झालेले. बातमी ऐकून ते उठून उभेच राहिले. "शाबास!" मग हळूहळू खाली बसले.

"तेजल, माझी नोकरी आता दीड वर्षाची राहिली. निवृत्तीला तीन वर्षं उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. नियमच आहे तसा. तू जरा आधी…"

पुढचं त्यांनी गिळलं. तिने ते ऐकलंच.

मग सुरू झाली गाईडची शोधाशोध. कुणाकडे जागा रिकामी नव्हती. कुणी म्हणालं, कोळंबीवर करा, निवटीवर काय करता? मुंबईच्या एका मोठ्या प्राध्यापकांनी तिला केबिनबाहेर दुपारभर बसवलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "लेक्चर, घर, सगळं सांभाळून तुम्हाला हे झेपणार आहे का?" झेपेल म्हणताना तिचा आवाज तिलाच परका वाटला.

गणपतीत माहेरी गेली तेव्हा आईने तिचा उतरलेला चेहरा हेरला.

"मंग सोड ना गो. नोकरी हाय, पोरगी हाय. अजून काय पायजे?"

"आये, नाय सोडवत."

आईने तिच्या ताटात पुन्हा भात वाढला.

अखेर चुरी सरांचाच फोन आला. "माझी विद्यार्थिनी आहे, प्रियंका सावे. वसईकडच्या कॉलेजात असते. यंदाच गाईड म्हणून मान्यता मिळालीय तिला. पण तेजल, ती तुझ्यापेक्षा लहान आहे. चालेल?"

"चालेल सर," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

प्रियंकाच्या टेबलामागे भिंतीवर एक फोटो होता. गुडघाभर चिखलात चुरी सर, शेजारी हातात खेकडा धरून हसणारी प्रियंका. तेजलची नजर तिथून हटेना. दिशाच्या जन्माच्या सुमारास काढलेला असावा.

"या ताई, बसा," प्रियंका म्हणाली.

"मला ताई नका म्हणू, मॅडम."

"मग तुम्ही मला मॅडम नका म्हणू." प्रियंका मनमोकळी हसली. "खरं सांगू? माझं सगळं काम खेकड्यांवरचं. निवट्या मी फक्त काठावरून पाहिल्यात. आपल्याला दोघींना मिळून वाचावं लागेल. तयारी आहे?"

तिच्याविषयी आकस धरावा असं तिच्यात काहीच नव्हतं, हेच तेजलला जड गेलं. पण विषय मंजूर झाला. विद्यापीठाच्या समितीपुढे तेजल न अडखळता बोलली आणि काम सुरू झालं.

सर निवृत्त झाले त्या दिवशी कॉलेजने निरोप समारंभ ठेवला. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. मग कुणीतरी माईकवरून पुकारलं, "सरांकडे पीएच.डी. केलेल्या विद्यार्थ्यांनी फोटोसाठी स्टेजवर यावं." सहा-सात जण उठले. प्रियंकाही गेली. सरांच्या खुर्चीमागे उभी राहताच तिने तेजलला हाताने खुणावलं, "ताई, या ना!"

तेजलने हसून मान हलवली. त्या रांगेत उभं राहायचा हक्क आता तिला कधीच मिळणार नव्हता. नुसतं बोलावलं म्हणून जाऊन उभं राहणं तिच्या मनाला पटेना. ती बसल्या जागेवरून टाळ्या वाजवत राहिली, अगदी हात दुखेपर्यंत.

खाली उतरल्यावर सर तिच्यापाशी थांबले. "काम कुठवर आलंय?"

"थंडीतल्या नोंदी घेतेय, सर."

"छान, छान," ते म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी त्यांना चहाला ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ओहोटी होती. तेजल दातिवऱ्याला उतरली, आईकडे पिशवी ठेवली, साडी खोचली आणि थर्मामीटर घेऊन खाडीकडे निघाली.