समोरून शिकलेली पेटी

मी डावखुरा नाही. जेवतो उजव्या हाताने, सही उजव्या हाताने, कुणावर हात उगारायची वेळ आलीच तर तोही उजवाच वर जाईल. फक्त पेटी डाव्या हाताने वाजवतो आणि उजव्याने भाता मारतो. भजनात नवा माणूस असला की तो हमखास विचारतो, "डावखुरे का तुम्ही?" मी हो म्हणून मोकळा होतो. खरं सांगायला बसलं तर बाबांपर्यंत जावं लागतं, आणि तिथे जायची मला हौस नाही.

बाबा आमच्या खाडीकाठच्या गावात भजनाला पेटी वाजवायचे. मी त्यांच्या अगदी समोर, भात्याच्या बाजूला बसायचो. शेजारच्या जागा मोठ्या माणसांच्या असत. त्यांचा उजवा हात पट्ट्यांवर फिरू लागला की मीही मांडीवर पाट घेऊन बोटं नाचवायचो. आरशात बघून करावं तसं, त्यांचा हात ज्या बाजूला दिसे त्याच बाजूचा माझा. म्हणजे डावा. वाजवताना त्यांची करंगळी ताठ उभी राहायची आणि ओळ संपली की अंगठा पेटीच्या कडेवरून धूळ पुसल्यासारखा फिरायचा. तेही मी जसंच्या तसं उचललं. कुणी शेजारी बसवून घेतलं असतं तर एका दुपारी सुधारली असती एवढीशी चूक होती. पण त्याआधीच बाबा एका ऑर्केस्ट्राबरोबर दौऱ्यावर गेले, ते गेलेच.

ऑर्केस्ट्राकडे स्वतःची पेटी होती, म्हणून ही घरी राहिली. "पेटी हाय म्हंजे येतील," आई म्हणायची. सुरुवातीला कुणी त्यांना सुरतेला पाहिल्याचं सांगे, कुणी नाशिकला. मग लोकांनी सांगणंही सोडलं. आईने कुंकू सोडलं नाही. मी त्या पेटीवर कानाने सूर शोधत बसलो. सूर सापडले, हात उलटाच राहिला.

आता आई आणि मी विरार पूर्वेला, चंदनसारला राहतो. गावचं घर बंद असतं. माझं लग्न राहून गेलं. पेटीच्या शिकवण्या घेतो. मुलांना शेजारीच बसवतो, समोर कुणी बसलं की उठवतो. पालकांना वाटतं, सरांची शिस्त. शिकवणी संपली, दार लागलं, की घरात फक्त आईच्या टीव्हीचा आवाज उरतो. आमचं बोलणं जेवण आणि गोळ्या यांच्या पलीकडे जात नाही. बाबांचा विषय मी काढत नाही, तीही काढत नाही, आणि तरी ते रोज आमच्यात असतातच.

मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या तबलजीचा फोन आला. गिरीजच्या एका केळीच्या वाडीत सिनेमाचं शूटिंग होतं आणि त्यांना पेटी वाजवणारा हात हवा होता. माणूस नको, हात. हिरोला सा कुठला हेही ठाऊक नव्हतं, तेव्हा चेहरा त्याचा आणि बोटं भाड्याची असा बेत होता.

तिथे एका चुणचुणीत मुलीने मला चहा दिला आणि गोष्ट सांगितली. "सर, एकदम इमोशनल सब्जेक्ट आहे. फादर मोठे म्युझिशियन असतात, हा लहान असताना सोडून जातात. पुढे ते वारल्यावर त्यांचं सगळं ह्याच्याकडे येतं. बंगला, शिष्य, नाव. आणि ह्याला ते नको असतं."

"असं का," मी म्हणालो. केळींमध्ये उभं राहून मी माझीच गोष्ट ऐकत होतो, फक्त त्यातला बाप फारच ऐपतदार होता. माझ्या बापाने मागे ठेवली ती एक पेटी, आणि तिचाही एक सूर दमेकरी. पण मी काही बोललो नाही. तिला उगाच सब्जेक्ट मिळाला असता.

त्यांनी मला हिरोचा कुर्ता चढवला, बोटात त्याची अंगठी घातली. मी डावा हात पट्ट्यांवर ठेवला आणि दिग्दर्शक ओरडला, "उजवा, उजवा!" मी सांगितलं, उजव्याने येत नाही. सगळे हसले. शेवटी कॅमेरावाला म्हणाला, "वाजवू दे त्याला. नंतर चित्र उलटं करू. उजवाच दिसेल." पट्ट्यासुद्धा उलट्या होतील, मी म्हटलं, पेटीवाले हसतील. "पेटीवाले येणार कुठून, काका?" तो म्हणाला. खरं होतं ते. मी वाजवलं. ताठ करंगळी आणि अंगठ्याचं ते पुसणं दिग्दर्शकाला फार आवडलं. "हे ठेवायचंच," तो म्हणाला.

सिनेमा विरारच्या मॉलमध्ये लागला तेव्हा मी आईला घेऊन गेलो. तिला एवढंच सांगितलं की यात काहीतरी बघण्यासारखं आहे. मला खूप वाटत होतं की तिने ओळखावं. आयुष्यभर मी तिच्या कानांवर वाजवत आलो, पण माझ्या हाताकडे तिने कधी निरखून पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. एकदा, एवढ्या मोठ्या पडद्यावर तरी, तिने म्हणावं, हा माझ्या मुलाचा हात.

दुपारचा खेळ, बरंचसं थिएटर रिकामं. शेवटाकडे हिरो बापाच्या खोलीत शिरला, पेटीवरची चादर काढली, आणि पडदाभर माझा हात आला. करंगळी ताठ. ओळ संपली, अंगठा कडेवरून फिरला. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"त्यांचा हात," ती म्हणाली. "ह्यो त्यांचा हात हाय."

पुढचा सिनेमा मी पाहिला नाही. नावांची यादी वर सरकत गेली तरी ती उठेना. रिक्षात बसल्यावर तिला वाचाच फुटली. कुठे भेटले ते या लोकांना? तब्येत कशी होती? मग माझी बाही ओढत म्हणाली, "गावचं घर बंद हाय. ते तिथं आले तर? उद्या जाऊन झाडून घेऊ." तिच्या तोंडावर असा उजेड मी कधी पाहिला नव्हता. माझ्यासाठी तर कधीच नाही. मला राग आला, आणि रागावून करणार काय, तर रडूही आलं. मी रस्त्याकडे बघत बसलो.

घरी आल्यावर तिने ट्रंकेतून गावच्या घराची किल्ली काढली. तेव्हा मला गप्प राहवेना. तिने उद्या ते घर झाडायचं, दार उघडं ठेवून बसायचं, हे माझ्याने बघवलं नसतं.

"आई, तो हात माझा होता."

"तू डाव्यानं वाजवतोस," ती शांतपणे म्हणाली. "तो उजवा होता. मला सांगतोस?"

चित्र उलटं केलं म्हणजे काय, हे तिला शब्दांनी पटेना. मग मी पेटी ओढून कपाटाच्या आरशासमोर मांडली आणि तिला पलंगाच्या कडेवर, आरसा दिसेल अशी बसवली. "आरशात बघ," म्हटलं, आणि बाबांचा तो नेहमीचा अभंग सुरू केला.

वाजवता वाजवता मीही वर पाहिलं. समोर एक पिकल्या केसांचा माणूस मांडी घालून बसला होता आणि उजव्या हाताने पेटी वाजवत होता. करंगळी ताठ. लहानपणी ज्या जागेवरून मला बाबा दिसायचे, त्याच जागेवर मी बसलो होतो. शेजारी बसायला आताही कुणी नव्हतं.

आईच्या हातातली किल्ली मांडीवर टेकली. तिला समजलं होतं. ओळ संपल्यावर मी पट्ट्यांवरून हात उचलला.

"थांबू नको," आई म्हणाली.

मी पुन्हा भाता मारला. ती आरशातच बघत होती. अभंग संपेपर्यंत तिने एकदाही वळून माझ्याकडे पाहिलं नाही.