शहाळ्याला मनाई

पासष्ट-सहासष्ट साल असेल. अलिबागच्या बाजूला एका लहानशा इस्पितळात मी नर्स होते. रक्त धुण्याचं यंत्र तेव्हा आमच्याकडे कुणी फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं. पण आमचे डॉक्टर मुंबईहून एक रीत शिकून आले होते. मूत्रपिंडं बंद पडली की पोटात नळी घालायची, स्टँडवरच्या बाटल्यांतलं औषधी पाणी आत सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि बाटल्या खाली जमिनीवर ठेवून तेच पाणी बाहेर काढायचं. त्याबरोबर रक्तातली घाण निघते. पुन्हा भरायचं, पुन्हा काढायचं. सगळं हातांनी, आणि हात माझे.

किहीमची एक तरणी मुलगी आली. वाडीत झावळ्या गोळा करताना तिला फुरसं चावलं होतं. विषावरची लस टोचली, हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, पण लघवी बंद झाली ती झालीच. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं काही दिवसांत पुन्हा चालू होतील, तोवर हिला जगवायचं. म्हणजे मी जगवायचं. माझ्या पायाला भिंगरी लागली. नळी तुंबली नाही ना, भांड्यात लघवीचा थेंब दिसतो का, रेवसच्या लाँचने यायच्या बाटल्या आल्या का? बसून चहा प्यायलाही जीव थाऱ्यावर नसे.

त्यात ती शहाळी! आमच्या किनाऱ्यावर आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि लघवी अडली म्हणजे तर शहाळंच. पण त्या पाण्यात एक क्षार असतो. मूत्रपिंडं चालत नसली की तो रक्तात साठतो आणि हृदय थांबवतो. डॉक्टरांनी हे मला बजावलं होतं, मी मुलीच्या आईला बजावलं.

"शहाल्यानं मानूस मरतो? बाय, तुझं शिक्षान तुझ्यापाशी ठेव. पोरीची जीभ बग, सुकली हाय. दोन घोट दे गो."

"एक थेंबही नाही."

"वैरीन हायस तू!"

असेन. मी दारात उभी राहून येणाऱ्यांच्या पिशव्या तपासू लागले, शहाळी काढून घेऊ लागले आणि शिव्या खाऊ लागले. शिपाईसुद्धा म्हणाला, "सिस्टर, जरा अतीच होतंय तुमचं." त्यालाही झापलं. मुळात मी तापट, त्यात झोप नाही.

एका दुपारी भांड्याच्या तळाशी लघवी दिसली. गढूळ, जेमतेम चमचाभर. तीर्थ बघावं तशी मी ती बघत राहिले. आईला दाखवली, तेव्हा आम्ही दोघी पहिल्यांदाच एकमेकींकडे बघून हसलो. तेवढ्यात बाटल्यांची खोकी आल्याचा निरोप आला आणि ती उतरवून घ्यायला मी फाटकाकडे धावले.

परत आले, बाटल्या बदलल्या. थोड्या वेळाने तिची नाडी मंद लागली, मग अडखळू लागली. डॉक्टर धावत आले, इंजेक्शनं दिली. संध्याकाळच्या आत ती गेली. मूत्रपिंडं जागी होत असताना गेली. डॉक्टर म्हणाले, विषाने हृदय कमजोर झालं असेल. मला ते पटेना. आपलं कुठे चुकलं, हा एकच भुंगा डोक्यात सुरू होता.

तेरावं झाल्यावर तिची आई राहिलेलं अंथरूण न्यायला आली. ओट्यावर माझ्याशेजारी बसली.

"येक सांगू, बाय? रागावू नको. तू फाटकाकडं गेलीस ना, तवा शहाल्याचं पानी दिलं मी तिला. चाच्या किटलीतनं आनलं व्हतं, तुला दिसू नये म्हनून. लघवी सुटली व्हती, म्हनलं आता काय व्हतंय. पोटभर प्याली गो. माझ्याकडं बगून हासली. तानेली न्हाय गेली माझी पोर. तेवड्यावर जगते मी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं ओरडून सांगावं असं वाटलं, शब्द अगदी जिभेवर आले होते. ती पदराने डोळे पुसत माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बरं केलंत, मावशी," मी म्हणाले.