सावद्याचा पंखा धुळ्यातून लावताना

धुळ्याहून सावद्याला फिरायला कोणी जात नाही. मी गेले ती मामांना तिथून हलवायला. मामींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्यात ठरलं होतं आणि मामा केळी पिकवायच्या खोल्या सोडायला तयार नव्हते. गॅस दिल्यावर ठरल्या वेळी पंखा लावून कोंडलेली हवा काढावी लागते, नाहीतर माल डागाळतो. ते काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही. मामींनी दोनदा तारीख पुढे ढकलली. एकटीने जायची त्यांना भीती वाटत होती, पण बोलून दाखवतील तर शपथ.

म्हणून डिकीत एक डबा टाकला. त्याला ऑफिसातल्या राउटरमधून इंटरनेटची वायर जोडायची, पंख्याची वीज त्याच्यातून द्यायची. मग कुठूनही ब्राउझरमध्ये पत्ता टाकून पासवर्ड दिला की चालू-बंदची बटणं समोर येतात.

पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा साडेतीन-चार तासांचा रस्ता आहे. भुसावळच्या अलीकडे भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली, दीडशे रुपयांत पोट तुडुंब. हिवाळ्यात जाणार असाल तर हे चुकवू नका.

मामांनी डबा उलटासुलटा करून पाहिला.

"म्हंजे उंटावरून शेळ्या हाकायच्या."

दुसऱ्या दिवशी मी सगळं जोडून दिलं. मामांनी अंगणातून मोबाइलवर दहा वेळा पंखा लावला, दहा वेळा धावत जाऊन फिरतोय का ते पाहिलं. मामी हसत होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं निघालो.

दवाखान्यात मामींच्या डोळ्यात थेंब घातले आणि बाकावर बसवलं. पंख्याची वेळ झाली. मामा पान उघडू लागले, ते उघडेना. मी माझ्या मोबाइलवर पाहिलं, तेच. निघताना काय काय केलंत, विचारलं. काही नाही, म्हणाले. रोजच्यासारखी ऑफिसातली सगळी बटणं बंद केली, कुलूप लावलं, नमस्कार केला. म्हणजे राउटरही बंद! चूक माझीच. घराबाहेर पडताना आपल्याकडे कोण बटण चालू ठेवतं? तेवढं एक सांगायचं राहिलं. किल्ली मामांच्या खिशात.

मामा उठून उभे राहिले.

"जा तुम्ही," मामी म्हणाल्या. "माल नासंल. माह्याजवळ पोरगी हाये."

म्हणाल्या खऱ्या, पण पिशवीचा बंद त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळला होता. मामांनी ते पाहिलं. ते परत खाली बसले आणि शेजारच्या गोदामातल्या रशीदभाईंना फोन लावला.

"रशीदभाई, ऑफिसचं कुलूप तोडा. अन् आतली बठ्ठी बटनं दाबा."

मग मोबाइल माझ्या हातात दिला. "तू पाह्य आता. मी हिच्यापाशी बसतो."

दहा मिनिटांत पान उघडलं. मी पंखा लावला. सांगायला वळले, तर मामा मामींना ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत सोडायला गेले होते.

मामी पट्टी बांधून बाहेर आल्या. पहिला प्रश्न, पंखा लागला का?

"मले काय माहीत?" मामा म्हणाले. "मोबाइल पोरीपाशी हाये."



डबा घ्यावा का, असं विचाराल तर जरूर घ्या; फक्त राउटरच्या बटणावर चिकटपट्टी लावा. चार दिवस दोघं माझ्याकडे राहिले. पंखा मीच लावत होते. मामींच्या डोळ्यात थेंब घालायला हात पुढे केला की मात्र मामा बाटली काढून घ्यायचे.

"राहू दे. तुले नाही जमनार."